तापीच्या गाळातली कवटी आणि जुनी पीएनएस फिल्म: फ्रंटल सायनसची मापं जुळली तर ओळख पटली म्हणायचं का?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. प्रश्न न्यायवैद्यक, शरीररचनाशास्त्र आणि रेडिओलॉजी तिन्हीकडच्या जाणकारांना आहे.

असं चित्र डोळ्यासमोर धरा. पाणी ओसरल्यावर तापीच्या पात्रात गाळात रुतलेली कवटी मिळाली. खालचा जबडा नाही, वरचे पुढचे दात गळून गेलेले, दाढा दोनच शाबूत. बाकी सांगाडा वाहून गेलेला. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, सील सगळं रीतसर झालं. मिसिंगच्या यादीतल्या एका कुटुंबाकडे त्यांच्या माणसाची पाच वर्षांपूर्वीची सायनसची (पीएनएस, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्यांची) एक्सरे फिल्म आहे. तेव्हा वय तिशीतलं. फिल्म कपाटात गुंडाळी करून ठेवलेली. दातांची नोंद कुठेच नाही. डीएनएचा नमुना जाईलच, पण अहवाल येईपर्यंत घरच्यांना काय सांगायचं, आणि तपास कुठल्या दिशेने न्यायचा?

विचारायचं ते हे. कवटीचा एक्सरे काढून फ्रंटल सायनसची, म्हणजे कपाळाच्या हाडातल्या पोकळीची, रुंदी-उंची मोजली आणि फिल्मवरच्या आकड्यांशी दोन-तीन मिलिमीटरच्या आत जुळली, तर ओळख पटली असं लिहिता येतं का? मापं नेमकी कुठून कुठे घ्यायची? आणि कवटीत गाळ भरलेला असताना काय करायचं?

एक्सरे_भुसावळ

मापं नंतर, डॉक्टर. आधी फिल्म हातात घेऊन ती कोणत्या व्ह्यूची आहे ते ठरवा. चूक होते ती इथेच.

आपल्याकडे सर्दी-डोकेदुखीला ‘पीएनएस एक्सरे’ लिहून दिला की बहुतेक वेळा एकटा वॉटर्स व्ह्यू काढतात: हनुवटी टेकवलेली, नाक उचललेलं, ऑर्बिटोमीटल रेषा (डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या छिद्रापर्यंत) डिटेक्टरशी, म्हणजे प्रतिमा पकडणाऱ्या प्लेटशी, ३७ अंशांत. कॉल्डवेल हा दुसरा व्ह्यू, त्यात कपाळ आणि नाक टेकवतात आणि नळी पायाकडे १५ अंश झुकवतात. फिल्मवर लिहिलेलं नसलं तरी पेट्रस रिज (कानाच्या आतल्या टणक हाडाची कड) बघून कळतं. ती डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या तिसऱ्या भागात असेल तर कॉल्डवेल. गालामागच्या मॅक्सिलरी सायनसच्या तळाच्याही खाली गेली असेल तर वॉटर्स. वॉटर्समध्ये फ्रंटल सायनस तिरका पडतो, त्याची उंची खरी राहत नाही. म्हणून जुनी फिल्म वॉटर्स असेल तर कवटीचाही वॉटर्सच काढायचा. वॉटर्सला कॉल्डवेल लावून कुणी मापं जुळवत असेल तर ते काम तिथेच थांबवा.

दुसरा सापळा कोनाचा. शरीररचनावाले कवटी फ्रँकफर्ट पातळीत बसवतात: कानाच्या छिद्राची वरची कड आणि खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत. एक्सरेवाले वर सांगितलेली ऑर्बिटोमीटल रेषा धरतात. या दोन रेषांमध्ये ७ ते ८ अंशांचा फरक असतो. कवटी एकाने बसवली आणि नळी दुसऱ्याने लावली की तेवढा कोन चुकतो, आणि सायनसची उंची बदललेली दिसते. दोघांनी बोलून एकच रेषा धरा आणि ती कागदावर लिहा.

कवटी टेकवायला थर्मोकोल किंवा स्पंज वापरा. वाळूची पिशवी नको, ती एक्सरेत दिसते. चिकटपट्टी लावायची तर हाडावर थेट नाही, थर्मोकोलवर. कोरड्या कवटीला मांस-कातडी नसल्याने विखुरलेले किरण फार कमी, त्यामुळे ते अडवणारी ग्रिड नसली तरी चालतं. जिवंत माणसाचं एक्स्पोजर लावलं तर पातळ कडा जळून काळ्या होतात आणि सायनसची रेघच हरवते. ५० ते ५५ केव्हीपीपासून (नळीचं व्होल्टेज) सुरू करा आणि प्रतिमा बघून वरखाली करा. अंतर १०० सेंटिमीटर.

एका फिल्मवर भागत नाही. अंदाजे कोन धरून आधी ५-५ अंशांनी चार-पाच एक्सरे काढा, डावी-उजवी मानही थोडी फिरवा. जुन्या फिल्मवर पेट्रस रिज जिथे पडते तिथेच ती कोणत्या एक्सरेत येते ते बघा. त्याच्या आसपास मग २-२ अंशांनी पुन्हा काढा. कवटीला डोसची भीती नाही, दहा-पंधरा एक्सरे काढायला हरकत नाही. डावी-उजवीकडे मान वळलेली आहे का ते खोबणीच्या बाहेरच्या कडेपासून कवटीच्या कडेपर्यंतच्या दोन्ही बाजूंच्या अंतरावरून कळतं.

आता मोठं दिसण्याचा हिशोब. प्रतिमा किती पट मोठी होते ते असं काढतात: नळी ते डिटेक्टर अंतराला, नळी ते वस्तू अंतराने भागायचं. पीए, म्हणजे किरण मागून पुढे, धरून काढला तर कपाळ डिटेक्टरला टेकलेलं, सायनस साधारण ३ सेंटिमीटरवर. १०० भागिले ९७, म्हणजे १.०३ पट. तेच कवटी उताणी ठेवून एपी, म्हणजे किरण पुढून मागे, काढला तर सायनस १६ सेंटिमीटरवर जातो. १०० भागिले ८४, म्हणजे १.१९ पट. खरा ६० मिलिमीटरचा सायनस पहिल्यात ६२ दिसेल आणि दुसऱ्यात ७१. कवटी तीच, यंत्र तेच, ९ मिलिमीटरचा फरक फक्त ठेवण्याचा. कवटी उताणी ठेवणं सोपं जातं म्हणून लोक एपी काढतात आणि मग ‘मापं जुळत नाहीत, माणूस वेगळा’ असा शेरा जातो.

शेवटचं. सीआर-डीआर ही डिजिटल यंत्रं आल्यापासून फिल्म लेझर कॅमेऱ्यावर छापून मिळते आणि ८ बाय १० च्या फिल्मवर चित्र बसवायला ते लहान केलेलं असतं. एका फिल्मवर दोन व्ह्यू छापले तर आणखीच लहान. अशा फिल्मवर पट्टी ठेवून मिळालेल्या मिलिमीटरला काहीच अर्थ नाही. गुणोत्तर काढा. समजा फिल्मवर सायनसची एकूण रुंदी ४२ आली आणि दोन्ही खोबणींच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर ६६, तर गुणोत्तर ०.६४. कवटीच्या एक्सरेवर ६२ आणि ९८ आलं तर ०.६३. हे आकडे एकमेकांशी बोलतात. ४२ आणि ६२ बोलत नाहीत.

अस्थी_धुळे

एक्सरेवाल्या भाऊंनी भूमितीचा पाया नीट घालून दिला. त्यावर आता मूळ प्रश्न: मापं जुळली म्हणजे ओळख पटली का? नाही. आणि हे ‘नाही’ का, ते आकड्यांत समजून घ्या, कारण सरकारी वकील आणि बचावाचे वकील दोघेही तेच विचारणार.

समजा तुम्ही २० फिल्म घेतल्या, प्रत्येकीची रुंदी एकदा मोजली, दोन आठवड्यांनी आधीचे आकडे न बघता पुन्हा मोजली. दोन्ही मापांच्या फरकांचे वर्ग करून बेरीज करा, तिला नगसंख्येच्या दुपटीने, म्हणजे ४० ने भागा, वर्गमूळ काढा. ही तुमची मोजण्याची तांत्रिक चूक. ती १.२ मिलिमीटर आली असं धरू. मग एकाच फिल्मच्या दोन मापांत ३.३ मिलिमीटरपर्यंतचा फरक निव्वळ हाताचा असू शकतो (१.२ गुणिले २ चं वर्गमूळ, गुणिले १.९६). आता समाजात या रुंदीची सरासरी ६० आणि प्रमाण विचलन १२ धरा. ६० च्या आजूबाजूला ३.३ मिलिमीटरच्या आत किती माणसं बसतील? शंभरातली एकवीस-बावीस. म्हणजे रस्त्यावरून जाणारा दर पाचवा माणूस तुमच्या फिल्मशी ‘जुळतो’. आणि यात कोनाची चूक धरलेलीच नाही. ती धरली तर पट्टा आणखी रुंद होतो.

इथे लोक म्हणतात, मग तीन मापं घेऊ, पाचव्याचा पाचवा करत शंभरात एकापर्यंत येऊ. तेही चालत नाही. ज्याचा सायनस रुंद, त्याचा बहुधा उंचही असतो. एकमेकांवर अवलंबून असलेल्या मापांच्या शक्यता गुणायच्या नसतात. गुणाकारातून आलेला मोठा आकडा अहवालात छान दिसतो आणि उलटतपासणीत पहिल्या दहा मिनिटांत पडतो.

मापांचा खरा उपयोग वगळण्यासाठी आहे. फिल्मवर गुणोत्तर ०.६४ आणि कवटीचं ०.३८, कोन एकच, प्रौढ वय, शस्त्रक्रिया नाही, तर माणूस वेगळा. हे ठामपणे लिहिता येतं. मिसिंगच्या यादीत आठ नावं असतील तर त्यातली पाच अशी गळतात, आणि तपासाला हीच मोठी मदत आहे.

ओळख पटवतो तो आकार. फ्रंटल सायनस जन्मतः एक्सरेत दिसतच नाही. पाच-सहा वर्षांच्या सुमाराला दिसू लागतो, वयात येताना झपाट्याने वाढतो आणि विशीच्या आसपास थांबतो. डावा आणि उजवा स्वतंत्र वाढतात, मधला पडदा क्वचितच मधोमध असतो, वरच्या कडेचे कंगोरे प्रत्येकाचे निराळे. एकाच बीजातून झालेल्या जुळ्या भावांतही ते वेगळे निघतात. शुलर यांनी १९२१ मध्येच हे ओळखीसाठी सुचवलं होतं आणि १९२७ मध्ये कल्बर्ट आणि लॉ यांनी सायनस आणि मॅस्टॉइडच्या (कानामागच्या हाडाच्या) एक्सरेंची तुलना करून पटवलेली ओळख प्रसिद्ध केली. १९८७ मध्ये योशिनो आणि सहकाऱ्यांनी आकारमान, दोन बाजूंतली विषमता, वरचढ बाजू, वरच्या कडेची ठेवण, अर्धे पडदे, खोबणीवरच्या पोकळ्या यांना सांकेतिक आकडे देऊन वर्गवारी मांडली. ती नोंदीसाठी, यादीतून शोधण्यासाठी फार कामाची. पण बेसाना आणि रॉजर्स यांनी २०१० मध्ये तपासलं तेव्हा मापं आणि अशी वर्गवारी दोन्ही अपुरी पडली. प्रतिमेवर प्रतिमा ठेवून केलेली तुलना टिकली. क्रिस्टेन्सन यांनी २००५ मध्ये कडेची रेषा गणिती पद्धतीने, एलिप्टिक फुरियेने मांडून दोन माणसांच्या रेषा किती वेगळ्या पडतात ते आकड्यांत दाखवलं. तुमच्याकडे सॉफ्टवेअर आणि शिकलेला माणूस असेल तर तो मार्ग उत्तम.

हाताने करायचं तर असं. आधी कवटीचा एक्सरे घ्या, जुनी फिल्म बघूच नका. दोन्ही खोबणींच्या वरच्या कडांना टेकणारी आडवी रेषा मारा, क्रिस्टा गॅलीतून (कवटीच्या तळावरच्या मधोमधच्या उभ्या कंगोऱ्यातून) तिला लंब टाका. आडव्या रेषेच्या वरचा सायनस पारदर्शक कागदावर बारीक पेनने गिरवा. जिथे कड खरोखर दिसते तिथे सलग रेघ, जिथे अंदाज आहे तिथे तुटक. तुटक रेघेला पुढे पुरावा म्हणून वापरायचं नाही. मग दुसऱ्या माणसाने जुनी फिल्म तशीच गिरवावी. आणि तुलना करणाऱ्यासमोर त्या माणसाची एकटी फिल्म ठेवू नका. त्याच वयोगटातल्या, त्याच व्ह्यूच्या आणखी नऊ-दहा फिल्म मिसळा, नावं झाकून. कुटुंब बाहेर बसलेलं असताना डोळ्यांना जुळलेलं दिसू लागतं. ते टाळायचा हा एकच भरवशाचा उपाय आहे.

जुळवताना प्रत्येक फरकाला विचारा: याचं कारण देता येतं का? कोन दोन-तीन अंश चुकला, मोठं दिसण्यात फरक, मधल्या काळात झालेली शस्त्रक्रिया, फ्रॅक्चर, म्हातारपणी भिंती झिजून पोकळी किंचित वाढणं, ही कारणं. चौदाव्या वर्षीची फिल्म आणि एकोणिसाव्या वर्षीची कवटी असेल तर सायनस मोठा होणं समजतं, लहान होणं समजत नाही. कारण देता येत नाही असा एक फरक निघाला की माणूस वेगळा, मग बाकी दहा खुणा जुळोत.

तुमच्या फिल्मबद्दल एक गोष्ट नीट बघा. ती फिल्म काढलीच सायनसचा त्रास होता म्हणून. पू किंवा सुजलेलं अस्तर असेल तर त्या बाजूचा सायनस धुरकट दिसतो आणि कड फिकी पडते. कवटीत तीच पोकळी स्वच्छ काळी दिसणार. हा फरक आजाराचा आहे, माणसाचा नाही. पण त्या बाजूच्या रेघेवर भर देऊ नका.

गिरणाकाठ

सर, फार उपयोगी. फिल्म बघितली, वॉटर्सच आहे आणि डावा सायनस धुरकट आहे, तुम्ही म्हणता तसाच. दोन गोष्टी राहिल्या. गाळ काढायचा कसा? आणि फिल्म गुंडाळून ठेवल्याने वाकली आहे, ती मोबाइलने काढून पाठवली तर चालेल का?

अस्थी_धुळे

गाळ काढण्याआधी एक एक्सरे किंवा सीटी करून घ्या. गाळातच एखादा दात, हाडाचा तुकडा, धातूचा कण असू शकतो.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव शेतात दिसतो तोच कवटीतही. ओली असताना फुगते, वाळताना आकसून भेगा पाडते. नाकाच्या मागची इथमॉइडची हाडं आणि खोबणीचं छत कागदाइतकं पातळ असतं. मे महिन्यात कवटी उन्हात वाळत ठेवली की आकसणाऱ्या मातीबरोबर ती हाडं तडकून येतात, आणि सायनसच्या खालच्या कडेचा पुरावा तिथेच जातो. कवटी ओलीच ठेवा, गाळ निघाल्यावर मग सावलीत, हवेशीर खोलीत, सावकाश वाळवा.

त्याआधी डीएनएसाठी दाढ, नाहीतर पेट्रस हाडाचा नमुना नियमाप्रमाणे वेगळा करा. कवटी उकळायची नाही, ब्लीच नाही, डिटर्जंट नाही. कपाळावरचा आणि नाकातला थोडा गाळ स्वच्छ डबीत वेगळा सील करा. तो कुठला आहे हे पुढे विचारलं जाईल. मग साध्या पाण्यात काही तास भिजू द्या. फ्रंटल सायनसची वाट खाली नाकात उतरते, म्हणून कवटी कपाळ वर, नाकाची फट खाली अशी धरून सिरिंजने हलक्या धारेने पाणी सोडा. नळाची धार नको. सुई, तार, टोकदार काही आत घालायचं नाही. खाली १ मिलिमीटरची चाळणी ठेवा आणि चाळणीवर राहील ते सगळं जपा. एका दिवसात निघालं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवा. गाळ राहिलाच तर सक्ती करू नका, सीटीने भागवा.

फिल्मबद्दल: गुंडाळीची फिल्म दोन काचांमध्ये दोन-तीन दिवस दाबून सपाट करा. गरम करायचं नाही. मोबाइलने तिरका काढलेला फोटो पाठवू नका, त्यात एक बाजू दुसरीपेक्षा मोठी होते. पारदर्शक फिल्म स्कॅन करणारा स्कॅनर मिळाला तर उत्तम. नाहीतर व्ह्यूबॉक्सवर, शेजारी मिलिमीटरची पट्टी, कॅमेरा दीड मीटर लांब, झूम करून, फिल्मच्या मधोमध आणि बरोबर समोर. पट्टी आडवी एक, उभी एक. दोन्हीकडचा मिलिमीटर सारखा आला नाही तर फोटो पुन्हा.

सातपुडा_न्यायवैद्यक

सीटी उपलब्ध असेल तर वॉटर्सचा कोन शोधत बसायची गरजच राहत नाही. कवटीचा पातळ काप सीटी करा, ०.६ ते १ मिलिमीटर, बोन अल्गोरिदम (हाडाच्या कडा स्पष्ट दाखवणारी मांडणी), डायकॉम डेटा (मूळ डिजिटल प्रतिमा) पूर्ण. त्या डेटातून संगणकात आभासी एक्सरे तयार होतो. कवटी पडद्यावर हवी तशी फिरवता येते, जुन्या फिल्ममधली पेट्रस रिज, खोबणी, गालाचं हाड जिथे आहे तिथे येईपर्यंत. मग त्याच कोनातला आभासी एक्सरे फिल्मवर ठेवायचा. नळीचं १०० सेंटिमीटर अंतर आणि फाकणारे किरण धरून प्रतिमा बनवा. समांतर किरण धरले तर मोठं दिसण्याचा हिशोब पुन्हा चुकतो.

आणि कुटुंबाला एक प्रश्न जरूर विचारा: कधी गाडीवरून पडून डोक्याचा सीटी झाला होता का? महामार्गावरच्या दुचाकी अपघातांमुळे आपल्याकडे ब्रेन सीटी झालेली माणसं खूप आहेत, आणि ब्रेन सीटीत फ्रंटल सायनस बहुधा येतोच. अडचण अशी की रुग्णाला मिळालेल्या फिल्मवर ५ मिलिमीटरचे काप छापलेले असतात. त्यावरून कंगोरे नीट दिसत नाहीत. केंद्राकडे सीडी किंवा पॅक्समध्ये (प्रतिमांच्या संगणकीय साठ्यात) पातळ कापांचा डेटा आहे का ते लगेच लेखी विचारा, कारण पातळ काप आधी पुसले जातात आणि जाड काप राहतात. उशीर केला की गेलं.

सायनसचं घनफळ काढायचं म्हणणाऱ्यांना सूचना. आयटीके-स्नॅप किंवा थ्रीडी स्लायसर या सॉफ्टवेअरमध्ये हवेचा उंबरठा लावला (म्हणजे हवेइतका काळा भाग तेवढा रंगवायला सांगितला) की जिवंत माणसाच्या सीटीत सायनस वेगळा निघतो, पण कोरड्या कवटीत अस्तर नसल्याने वाट मोकळी असते आणि रंग थेट नाकात आणि बाहेरच्या हवेत सांडतो. खालची सीमा हाताने कापावी लागते, आणि ती कुठे कापली यावर घनफळ बदलतं. दोन्ही सीटीत एकाच हाडाच्या खुणेवर कापा आणि ती खूण लिहून ठेवा. शिवाय जिवंतपणी सूज असेल तर हवेचं घनफळ कमी भरतं, हाडाच्या भिंतीपासून मोजावं लागतं.

पंचनामा_जळगाव

कायद्याची बाजू थोडक्यात. चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली, तज्ज्ञाचा अभिप्राय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली. जुनी फिल्म कुटुंबाकडून जप्ती पंचनाम्याने, मूळ स्वरूपात घ्या. झेरॉक्स किंवा व्हॉट्सॅपवरची प्रत तुलनेला नको. सीडी, डायकॉम, स्कॅन हा इलेक्ट्रॉनिक पुरावा आहे. त्याला त्याच साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा) असतं. हॅश सीडी हातात आल्या दिवशीच काढा, तुलना झाल्यावर नाही. फिल्म ज्या केंद्रात काढली तिथल्या रजिस्टरची नोंदही मागवा. नाव, तारीख आणि फिल्मवरचा नंबर रजिस्टरशी जुळला नाही तर ती फिल्म त्या माणसाचीच होती हेच सिद्ध होत नाही, आणि पुढची सगळी मेहनत वाया.

रावेर_केळी_एमडी

एवढं सगळं करण्यापेक्षा सायनसच्या मापांवरून आधी पुरुष की स्त्री ते ठरवलं तर अर्धी यादी कमी होते ना? मॅक्सिलरी सायनसचे तसे पुष्कळ पेपर आहेत.

अस्थी_धुळे

सरासरी पुरुषांची मोठी, हे खरं. पण दोन्ही गट एकमेकांवर इतके चढलेले असतात की तीन-चार माणसांत एक चुकतो. कवटी हातात आहे तर कानामागचा मॅस्टॉइड, भुवयांचा उंचवटा, मागच्या हाडावरचा कणा यांनी लिंग जास्त नीट सांगता येतं. मॅक्सिलरी सायनसची वेळ येते ती कवटी जळून वरचा भाग फुटला आणि चेहऱ्याचा मधला भाग तेवढा उरला तेव्हा. तिथेही हाड पांढरं पडेपर्यंत जळालं असेल तर ते आकसतं आणि मापं लहान येतात. परक्या देशातल्या लोकांवर बसवलेलं सूत्र खानदेशातल्या कवटीला लावून ‘स्त्री’ लिहिलं आणि त्यामुळे खऱ्या माणसाचं नाव यादीतून गळलं, तर त्याच्या घरचे आयुष्यभर वाट बघत बसतील. गाळणी म्हणूनही हे वापरायला माझा विरोध आहे.

सातपुडा_न्यायवैद्यक

सहमत. शहादा-तळोदा-अक्कलकुवा पट्ट्यासाठी आणखी एक. सिकलसेल असलेल्या माणसात कवटीच्या दोन थरांमधली मज्जा वाढून हाड जाड दिसू शकतं, आणि थॅलेसेमिया मेजरमध्ये तर मॅक्सिलरी सायनसची वाढच खुंटते. अशा कवटीला घनफळाचं सूत्र लावलं तर ती स्त्रीची किंवा मुलाची वाटेल. उलट ओळखीसाठी मात्र हीच खूण कामाची, जुन्या फिल्मवरही तसंच हाड दिसायला हवं.

गिरणाकाठ

फ्रंटल सायनसच नसेल तर? आणि अभिप्रायात वाक्य कसं लिहू?

अस्थी_धुळे

दोन्ही बाजूंना नसणं शंभरातल्या चार-पाच जणांत तरी दिसतं. फिल्मवरही नाही आणि कवटीतही नाही, एवढ्यावर ओळख होत नाही. फिल्मवर आहे आणि कवटीत नाही, तर माणूस वेगळा. नसेल तेव्हा मॅस्टॉइडच्या पोकळ्या, स्फेनॉइड सायनस (नाकामागे कवटीच्या तळाशी असलेली पोकळी), कवटीच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या खाचा, शिवणी यांची तुलना करा, त्याच शिस्तीने.

वाक्य साधारण असं: “कवटीचा वॉटर्स एक्सरे व मूळ फिल्म यांची समान कोनात तुलना केली. उजव्या फ्रंटल सायनसच्या वरच्या कडेचे चार कंगोरे, मधल्या पडद्याचा डावीकडे कल आणि उजव्या बाजूचा एक अर्धा पडदा स्थान व आकाराने जुळतात. कारण न देता येणारा एकही फरक आढळला नाही. डाव्या सायनसची कड फिल्मवर अस्पष्ट असल्याने विचारात घेतली नाही.” नंतर निष्कर्षाची पायरी: ओळख पटते, बहुधा तीच व्यक्ती, सांगता येत नाही, किंवा वेगळी व्यक्ती. यातली एकच निवडा आणि गुणोत्तरं परिशिष्टात जोडा. एका बाजूची कड धुरकट असताना मी ‘बहुधा तीच व्यक्ती’च्या वर जाणार नाही, डीएनए येईपर्यंत. घरच्यांनाही तेच शब्द सांगा: फिल्म जुळते आहे, शिक्का डीएनएचा. त्यांना आशा किंवा सुतक यातलं काहीही अर्धवट माहितीवर देऊ नये.

एक्सरे_भुसावळ

एक राहिलं. फिल्मवर उजव्या-डाव्याचा मार्कर आहे का? जुन्या फिल्मवर तो कधी नसतो, कधी कापला गेलेला असतो, आणि पीए फिल्म व्ह्यूबॉक्सवर उलटी लावली तरी कवटी कवटीसारखीच दिसते. छातीच्या फिल्ममध्ये हृदय सांगतं, इथे सांगणारं काही नाही. तुमचा सगळा निकाल ‘उजवीकडे चार कंगोरे, पडदा डावीकडे’ यावर उभा आहे. फिल्म उलटी धरली असेल तर खरी ओळख हातची जाईल, नाहीतर भलत्याच माणसाची कवटी आरशातल्या चित्रासारखी जुळेल. मार्कर नसेल तर छापील नाव-नंबर सरळ वाचता येतात ती बाजू समोर घ्या. तरी केंद्रातल्या यंत्रावर प्रतिमा उलटवून छापली नव्हती ना, हे रजिस्टरच्या वेळीच विचारून घ्या. कवटीच्या एक्सरेला मात्र शिशाचा ‘उ’ मार्कर लावल्याशिवाय बटण दाबू नका.

गिरणाकाठ

मार्कर आहे, अर्धा कापलेला, पण वाचता येतो. कवटी उद्या भिजत घालते.